किसन कंडक्टरच्या नावासाठी धावड्याची वाट

अर्जदार : देविदास, मु. धावडा, ता. भोकरदन, जि. जालना, धंदा शेती. गैरअर्जदार : सुमेध, अर्जदाराचा सख्खा पुतण्या, हल्ली मु. पुणे, धंदा लोकांसमोर एकट्याने उभे राहून विनोद सांगणे व लिहिणे. घटनेचा दिवस : पौषातील रविवार, गैरअर्जदाराचे वडील मयत किसन यांच्या पुण्यानुमोदनाचा (दिवंगताच्या स्मरणार्थ बौद्ध कुटुंबांत होणारा कार्यक्रम). साक्षीदार : मयताची पत्नी गयाबाई, अंगणातील पाहुणे, आणि प्रस्तुत लेखक प्रल्हाद, म्हणजे घनसावंगीच्या कचेरीसमोर अर्ज लिहिणारा मी.

देविदासरावांची मुलगी घनसावंगीत दिलेली आहे. तिच्याकडे आले असता ते माझ्या टेबलाशी बसले. पुतण्या भर कार्यक्रमात स्वतःच्या बापाची टिंगल करतो, बाप जिवंत असताना त्याच्या मरणावरही त्याने लोकांना हसवले, आणि आता त्याचे पुस्तक निघत आहे. ते थांबवावे, असे त्यांचे म्हणणे होते. माझे शिक्षण नववीपर्यंत असले तरी माझ्या अर्जावर 'मोघम' असा शेरा आजतागायत पडलेला नाही. म्हणून मी मोबाइलवर तो कार्यक्रम पाहिला आणि आक्षेपार्ह वाक्ये जशीच्या तशी उतरवून घेतली. सही साक्षीदारांसमोर व्हावी म्हणून मी स्वतः धावड्यास जाण्याचे ठरविले.

सकाळच्या बसने निघालो. घनसावंगीचा ऊस मागे पडला. जालन्यास गाडी बदलून भोकरदन गाठले आणि तेथून पुढे काळी-पिवळी जीप मिळाली. मला मागे, वाळल्या मिरच्यांच्या पोत्यांवर जागा मिळाली. शिंका थांबेनात. ड्रायव्हरने आरशातून पाहिले.

"काका, कोणाकडं?"

"किसन कंडक्टर यांच्याकडे."

"आरारा! माणूस भारी व्हता. त्यायचा पोरगा माझ्याच जीपमधी कॉलेजला जायचा. तव्हा तोंडातून शब्द न्हाई. आता पुण्यात तिकीट काढून लोक त्याला ऐकून राह्यलेत."

शेजारची बाई म्हणाली, "माझ्या मास्तर भावानं त्याचं पेपरातलं वाचून दाखिवलं. हसून हसून भाकर करपली माझी."

मी गंभीर राहिलो. ज्याच्याविरुद्ध अर्ज खिशात आहे, त्याची स्तुती ऐकताना मनुष्याने तटस्थ असावे.

धावड्यास उतरलो तेव्हा उत्तरेला अजिंठ्याचे डोंगर धुरकट दिसत होते. दारासमोर मांडव होता. वंदना आटोपली होती. जेवणास ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी (भाजलेल्या धान्यामसाल्याच्या पिठाची पातळ आमटी) होती. वाढणारा सडपातळ मनुष्य दाढी वाढलेला, डोळे सुजलेले. "काका, आमटी घ्या अजून," तो म्हणाला. तोच सुमेध, हे मला नंतर कळले.

जेवणानंतर देविदासरावांनी मला अंगणाच्या मधोमध खुर्ची दिली. "चार माणसांत होऊ द्या," म्हणाले. आमच्या धंद्याचा नियम आहे की अर्ज पूर्ण वाचून दाखविल्याशिवाय सही घ्यायची नाही. मी उभा राहिलो आणि कचेरीत वाचतात त्याच स्वरात वाचू लागलो.

"वाक्य क्रमांक एक. 'माझा बाप जलमभर कंडक्टर व्हता. दारात पाव्हणा आला तर या म्हणत न्हाई, आतमधी सरका म्हणतो.'"

मागे एक म्हातारी फिसकन हसली. मी आवाज चढविला.

"वाक्य क्रमांक दोन. 'आई म्हणली, पोट दुखून राह्यलंय. बाप म्हणला, कुठून कुठपर्यंत?'"

आता सगळे अंगण हसले. मयताच्या घरी! एकाने डोळे पुसत म्हटले, "बराबर किसनदादाच बोलला!" देविदासरावांचा चेहरा काळवंडला. मी थांबलो नाही. अर्धा वाचलेला अर्ज अर्जच नव्हे.

"वाक्य क्रमांक तीन. 'माझा बाप मरंल तव्हा खांदेकऱ्यायला म्हणंल, गडबड नका करू, आधी उतरणाऱ्याला उतरू द्या.'"

कोणी हसले नाही. ओट्यावरून गयाबाई बोलल्या.

"हे त्यायनीच सांगितलं व्हतं. दवाखान्यातून आल्ते, खाटंवर पडून फोन लावला. म्हणले, बाळा, हे घे. आनं मी हाये तव्हर सांग. मागून सांगशील तं लोक रडतील."

सुमेध भांडे हातात घेऊन तसाच उभा होता. "समदंच आबाचं हाये, काका. रोज जेवण झालं की फोन यायचा. मी नुस्तं जमवून घ्यायचो. स्टेजवर म्हणतो, माझा बाप असं म्हणतो. लोकायला वाटतं, बनवून सांगून राह्यलाय."

"मंग मला कामून न्हाई सांगितलं?" देविदासराव ओरडले. "माझा भाऊ व्हता तो!"

"भाऊजी," गयाबाई शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही आले की ते गप बसायचे. तुम्ही हसत न्हाई. भेव वाटायचं त्यायला तुमचं."

देविदासराव खाली बसले.

मग गयाबाई मुलाकडे वळल्या. "पुस्तकावर नाव कोणाचं हाये?"

"माझं," सुमेध म्हणाला. "मी म्हणलो प्रकाशकायला, दोघायचं टाका. ते म्हणले, वडलांना ओळखतो कोण? अर्पणपत्रिकेत टाकू."

"अर्पण म्हंजे?"

मी समजावून सांगितले की पुस्तक वडिलांना आदराने देऊ केले, असे पहिल्या पानावर छापतात.

"ज्याचं हाये त्यालाच देता व्हय?" त्या म्हणाल्या.

देविदासरावांनी माझ्या हातातला अर्ज घेतला, चार तुकडे केले आणि म्हणाले, "प्रल्हादभाऊ, दुसरा लिहा. अर्जदार वहिनी. साक्षीदार मी."

तो अर्ज मी त्याच अंगणात लिहिला आणि वाचून दाखविला. गयाबाईंनी अंगठा दिला. सुमेधने मला भोकरदनपर्यंत सोडले. परतीच्या बसमध्ये माझ्या मनात एकच विचार होता. हसविणे हा हलका धंदा आहे, असे मी समजत होतो. ज्या मनुष्याने स्वतःच्या मरणाचा विनोद लेकराच्या हाती दिला, त्याचे काम हलके म्हणण्याचा अधिकार मला नाही.

तरी सदर पुस्तकाच्या प्रकाशकांस नम्र विनंती की, मुखपृष्ठावर किसन यांचे नाव लेखक म्हणून मुलाच्या नावाशेजारी, त्याच आकारात छापावे. उत्तर गयाबाई, मु. धावडा, या पत्त्यावर द्यावे. नकार असल्यास कारण कळवावे, आणि ते अशा शब्दांत असावे की त्यांच्या अंगणात, चार माणसांसमोर, उभे राहून वाचता येईल.