हो म्हणायला शिकवलेली मुलगी

“तिला काय इचारायचं, मॅडम? लेकराला काय कळतं? मी सांगून राह्यलो ना,” अण्णा चौथ्यांदा म्हणाले.

मी पेन बंद केलं. जाफराबादपासून पुढे जीपमध्ये तेरा माणसांत दाटीवाटीनं बसून मी त्या गावात गेले होते, ती अण्णांना विचारायला नाही. त्यांची नात गौरी, वय सात, हिला विचारायला. आणि गौरी सोडून घरात सगळे हजर होते.

मी जालन्याला सोशल वर्कर आहे. मुलांच्या दत्तक प्रकरणांची चौकशी करणं हे माझं काम. अण्णांचा धाकटा मुलगा आणि सून वैशाली कॅनडात राहतात. त्यांना मूल नाही. थोरल्या भावाची तिसरी मुलगी, गौरी, दत्तक घेऊन त्यांना तिकडे न्यायची होती. नात्यातलं असलं तरी देश बदलतो, म्हणून फाइल लांबते. तिकडचे लोक वैशालीच्या घरी जाऊन चौकशी करतात, ती होम स्टडी. इकडे मुलीच्या जन्मदात्या घराची चौकशी मी करते, तो फॅमिली बॅकग्राउंड रिपोर्ट. मग कलेक्टर ऑफिस, दिल्लीची परवानगी, पासपोर्ट, व्हिसा. मूल पाच वर्षांवरचं असेल तर त्याची स्वतःची संमती लागते. त्यासाठी रिपोर्टात वेगळा रकाना असतो.

हे सगळं मी त्या घरात तीनदा सांगितलं. भिंतीला सांगितलं असतं तरी चाललं असतं.

“संमती तर बारशालाच झाली,” अण्णा म्हणाले.

बारशाच्या दिवशी गौरीच्या आईनं, रेखानं, पोर उचलून वैशालीच्या ओटीत घातलं होतं. आमच्याकडे हे चालतं. जावेला मूल नसलं की एक लेकरू तिच्या ओटीत घालतात. लेकरू राहतं आईजवळच, फक्त म्हणायला जावेचं. त्यात कुणाचं काही बिघडत नाही. इथे मात्र लेकरू विमानात बसून जाणार होतं.

अण्णांनी कपाटातून बारशाच्या दिवशीचा स्टॅम्प पेपर काढला. चक्क लॅमिनेशन केलेला.

“बारा सह्या हायेत. सरपंच, पोलीस पाटील, समदे.”

“आणि गौरीची?”

“ती कुठं सही करती? दुसरीत हाय.”

वैशाली तीन आठवड्यांची रजा काढून आली होती. नऊ वर्षं दवाखाने करून थकलेली बाई. तिची फाइल इतकी नीटनेटकी, की आमच्या ऑफिसला लाज वाटावी. “मॅडम, तिकडचं सगळं झालंय. तिची खोलीसुद्धा रंगवली. फक्त तुमचा रिपोर्ट राहिलाय,” ती म्हणाली. तिच्यावर मला रागावता येईना, आणि त्याचाही मला राग येत होता.

शेवटी गौरीला शाळेतून आणलं. डोक्याला तेल, दोन लाल रिबिनी. ती माझ्यासमोर ताठ उभी राहिली.

“कॅनडाला जायचं का तुला?”

“हो.”

“काकूबरोबर राहशील?”

“हो.”

“इथली शाळा सोडशील?”

“हो.”

अण्णा खुशीत मान डोलावत होते. माझा प्रश्न संपायच्या आत उत्तर येत होतं. मला शंका आली.

“तुझं नाव गंगूबाई आहे का?”

“हो.”

“तुला चार पाय आहेत?”

“हो.”

दारातलं कुणीतरी हसलं. वैशाली हसली नाही.

“हे हिला कुणी शिकवलं?” मी विचारलं.

“मीच की,” अण्णा म्हणाले. त्यांना त्यात काहीच वावगं वाटत नव्हतं. “मॅडम काई बी इचारू दे, हो म्हणायचं. आठ दिवस घोकून घेतलं. काम जल्दी व्हावं म्हणून.”

माझं डोकं फिरलं. मी सगळ्यांना बाहेर काढलं. अण्णा पुटपुटत गेले. मागच्या खोलीत कापूस भरून ठेवला होता, तिथे आम्ही दोघी बसलो. तिचं हो थांबवायला मला बराच वेळ लागला. शेवटी मी विचारलं, “मी म्हैस आहे का?”

तिनं माझ्याकडे नीट बघितलं आणि खुदकन हसली. “न्हाई!”

मग ती बोलायला लागली.

“कॅनडा कुठंय गं?” मी विचारलं.

“जालन्याच्या लई पुढं.”

“किती दिवस जाणार?”

“दिवाळीला वापस येणार ना. आई न्यायला येणार हाय.”

“आणि आई नाही आली तर?”

रिबिनीचं टोक तोंडात घालून तिनं विचार केला. “मंग मी न्हाई जात.”

बाहेर येऊन मी हे सगळ्यांसमोर जसंच्या तसं सांगितलं. इतका वेळ गप्प असलेली रेखा पदर तोंडाला लावून रडायला लागली. “ती सारखी इचारायची, वापस कधी यायचं. माझ्या तोंडातून ‘दिवाळीला’ असं निघून गेलं. मंग बदलता आलं न्हाई.”

“मॅडम, तुम्ही हो लिहून टाका,” अण्णा म्हणाले. “लेकराचं कल्याण हाय त्यात.”

“हो लिहू नका,” वैशाली म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिनं फाइल मिटून मांडीवर घेतली होती.

“तिकडे गेल्यावर दिवाळीला तिनं बॅग भरली असती, अण्णा. मी काय सांगितलं असतं तिला?”

अण्णांनी लॅमिनेशन केलेला कागद उचलून परत कपाटात ठेवला.

संमतीच्या रकान्यात मी “नाही” लिहिलं. फाइल बंद झाली. वैशाली एकटी परत गेली. मॅडमनं लेकराचं नशीब मोडलं, असं अण्णा अजून सगळ्यांना सांगतात. काही महिन्यांनी वैशालीचा फोन आला. तिनं आई-वडील नसलेल्या मुलासाठी नव्यानं नाव नोंदवलं होतं. यादी लांब आहे, म्हणाली. खोलीचा रंग तसाच ठेवलाय.

मी माझ्या कामात एवढाच बदल केला. मुलांना पहिला प्रश्न आता कामाचा विचारत नाही. मी म्हैस आहे का, असं विचारते. मूल “न्हाई” म्हणालं, की मगच पेन उघडते.