चढावर दम सोडणारी गाडी

मिस्त्रीचा हात चांगला, हे त्याच्याकडे गाडी लावणारा कुणीही सांगेल. डिझेल इंजिनांत त्याची हयात गेली होती. थोरल्या बहिणीची गाडी दुरुस्तीला आली, तेव्हा त्याने ती हातासरशी उरकायचं ठरवलं.

ताई पन्नाशी उलटल्यावर गाडी शिकली होती. दाजींना अर्धांगवायूचा झटका आला, डावा हात मुठीसारखा आखडला. हाताच्या व्यायामाचं केंद्र टेकडीपलीकडे. रोज कुणाच्या तोंडाकडे बघायचं, म्हणून तीच स्टिअरिंगवर बसली.

"चढावर दम सोडते रे," ती म्हणाली. "ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी रांगते. आणि पिवळा दिवा लागतो."

त्याने बिघाड शोधायचं मशीन जोडलं. इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या टर्बोचा दाब कमी, असा बिघाडाचा कोड आला. दाब मोजणारा सेन्सर बिघडला असणार, असं धरून त्याने तो बदलला, कोड पुसला आणि गॅरेजसमोरच्या सपाट रस्त्यावर एक फेरी मारली. गाडी झकास पळाली.

आठवड्याभरात ताई पुन्हा दारात. "तसंच होतंय. फुस्स असा आवाजही येतो."

त्या दिवशी गॅरेजात गर्दी होती. मिस्त्रीने मशीन जोडलंच नाही. मोबाइलवरची नजर न काढता तो म्हणाला, "ताई, गाडीत काही नाही. तू गिअर उशिरा बदलतेस. हे काय पोळपाट-लाटणं आहे?"

गिऱ्हाइकं हसली. ताईही हसली, जरा उशिरा. मग किल्ली पर्समध्ये टाकून निघून गेली.

त्यानंतर तिने गाडी चालवली नाही. मधूनमधून भाड्याची गाडी करून दाजींना न्यायची. कधी गाडी मिळायची नाही, कधी दाजीच म्हणायचे, राहू दे आज. असे महिने गेले. मिस्त्रीने विचारलं, तर ती म्हणायची, "मला नाही जमत बाबा. तूच म्हणालास ना."

एकदा एका गिऱ्हाइकाचा गिअरबॉक्स टेकडीपलीकडे पोचवायचा होता, म्हणून त्याने ताईची गाडी मागून नेली. अर्ध्या चढावर इंजिनाने मान टाकली. त्याने गिअर उतरवला, पुन्हा उतरवला. गाडी रांगतच राहिली, आणि बॉनेटखालून स्पष्ट आवाज आला: फुस्स.

गाडी कडेला घेऊन तो वाकला. टर्बोकडून येणाऱ्या जाड रबरी पाइपच्या खालच्या बाजूला तेलकट ओल होती. बोटाने दाबलं तशी भेग उघडली, सोडलं तशी मिटली. चढावर जोर पडला की हवा तिथूनच निसटत होती. सेन्सर बिचारा खरं तेच सांगत होता. ताईही.



पाइप बदलून तो थेट तिच्या घरी गेला. दाजी खिडकीपाशी बसले होते, मूठ मांडीवर. त्यांच्याकडे बघायचं टाळत तो म्हणाला, "ताई, पाइप फाटला होता. तुझं काही चुकत नव्हतं. मी चुकलो."

ताई कपडे घडी करत होती. "भेग दिसली नाही, ते होतं रे कधीकधी," ती म्हणाली. "पण मी सांगत होते, तेव्हा तू मोबाइल बघत होतास."



दुसऱ्या दिवशी ताईने गाडी काढली. मिस्त्री शेजारी बसला, दाजी मागे. पहिल्या वळणाला तिने गिअर उतरवला. त्याने मोबाइल खिशातून काढला नाही. गाडी चढ सहज चढली.

केंद्रातल्या बाईंनी दाजींची बोटं एकेक करून तपासली. "मध्ये बराच खंड पडला," त्या म्हणाल्या. "आता थोडी सुटतील. पूर्ण नाही सुटायची."

ताईने मान हलवली. मिस्त्री बाहेर जाऊन उभा राहिला. थोड्या वेळाने दाजीच काठी टेकत त्याच्याजवळ आले. "चल, आत बस," ते म्हणाले. "ती एकटीच ऐकतेय सगळं."

तो आत गेला आणि ताईच्या शेजारी बसला.