वाळू पथकाची पेट्रोल गाडी

सकाळचे अकरा, तहसीलसमोरचं हॉटेल. इथं बसून मी आयुष्यभर बातम्या गोळा केल्या. छापल्या त्या लोक विसरले; न छापलेल्या चहाबरोबर रोज नव्यानं निघतात. तालुक्याचं नाव लिहीत नाही. जालना जिल्ह्यातला कुठलाही घाला, बसेल.

वाळू उपसून उपसून नदीचा काठ कडूबाच्या विहिरीपर्यंत ढासळत आला होता. विहीर गेली की त्याची मोसंबीची बाग गेली. त्यानं अर्ज केले, मी बातम्या लावल्या, तेव्हा कुठं वाळूचोर धरणाऱ्या तहसीलच्या पथकाला फोर-व्हील गाडी मंजूर झाली.

मग पेट्रोल की डिझेल, यावर बैठक! ड्रायव्हर नामदेवमामांचं म्हणणं, वाळूत डिझेलच पाहिजे, रुतली तरी ओढून निघते. नायब तहसीलदार म्हणाले, "मामा, डिझेलची घरघर नदीपल्याड जाते. आपल्याला चोर धरायचेत, वरात न्यायची न्हाई." पेट्रोल ठरलं. मी दोन्ही बाजू छापल्या. दोघंही माझ्यावर रुसले.

*

गाडीची पूजा झाली. सगळ्यात जाड हार ज्यानं घातला, त्याचेच ट्रॅक्टर नदीत चालायचे. मी नायब साहेबांना खडसावून विचारलं. ते म्हणाले, "शुभकार्यात कोणाला अडवायचं का?"

*

पहिल्या छाप्याला मी सोबत होतो. इंजिन बिलकुल गुपचूप. नदीच्या उताराला म्हसोबा आहे. तिथं इथला प्रत्येक ड्रायव्हर हॉर्न देऊनच पुढं जातो. मामांनीही लांबलचक दिला. खाली पात्रात फक्त चाकांचे ताजे माग.

साहेब तापले. मामा थंड. "देवाला न सांगता नदीत उतरायचं? गाडी उलटली मंग?"

पुढच्या वेळी साहेबांनी हॉर्नची वायरच काढून टाकली. मामांनी म्हसोबापाशी गाडी थांबवली, उतरले आणि घंटा बडवली!

*

कडूबा रोज हॉटेलात डोकवायचा. "तुमची मुकी गाडी कधी येऊन राह्यली?"

एका दुपारी तो धापा टाकत आला. विहिरीखालीच उपसा चालू होता. साहेबांनी आम्हा दोघांना गाडीत घातलं आणि फोन बंद करायला लावले. वाटेत मामांनी पंपावर टाकी भरली. म्हसोबाला या वेळी नुसते हात जोडले.

तरी पात्र रिकामं. आणि मधोमध गाडी आचके देत बंद पडली. मामा म्हणाले, "गरम झाली असंल." आम्ही बॉनेट उघडून वारा घालत बसलो.

तेवढ्यात काठावरून ट्रॅक्टर उतरला. जाड हारवाला स्वतः चालवत होता. साखळी आणली होती, नळी आणली होती, पेट्रोलचा कॅनही.

"सायेब, टाकीत डिझेल पडलंय. काढून टाका, जल्दी."

नळी लावून बघितलं. डिझेलच होतं. जुन्या सवयीनं पंपावर 'डिझेल' बोलून गेलो, असं मामा पुटपुटले.

कडूबानं एवढंच विचारलं, "आपल्याला ठावं नव्हतं, ते ह्याला कोणी सांगितलं?"

साहेब गाडीत जाऊन बसले आणि काच वर केली.

विहिरीची नदीकडची बाजू पोळ्याच्या आधीच खचली. कडूबाचा प्रश्न मी छापला. खुलासा अजून आलेला नाही.