एक मेचा सत्कार

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. पोराला तर नाहीच.

गेल्या साली एक मेला सकाळी मी अन् माझी बायको कमल कांदा साठवायच्या बराखीपाशी बसून चहा पिलो. कांदा भरायचा चालला होता, हात दोघांचेही मातीचे. ती म्हणाली, "उठा आता, महाराष्ट्र! झेंडा थांबलाय तुमच्यासाठी." दरसाल असंच चिडवायची — तिला माहीत होतं ना.

काय माहीत होतं? आमच्या वेळी पोराची जन्मतारीख आईबापाला कुठं ठाऊक असायची? शाळेत गुरुजी सरसकट एक जून टाकायचे. माझीही तीच, साल तेवढं राज्य झालं तेच. एकदा पंचायतीपुढं मी बोलून गेलो — गुरुजींचा महिना चुकला, मी खरा एक मेचा, राज्य झालं त्याच दिवशीचा. लोकांनी खरं धरलं. तेव्हापासून झेंड्याखाली मला शाल-नारळ. मी तिसरीतनं शाळा सोडलेला माणूस — अन् शाळेची पोरं माझ्यासाठी टाळ्या वाजवायची. लई गोड वाटायचं. मग खोटं होतं म्हणून सांगायची हिंमत कुठली?

चहा झाला. मी फेटा बांधत होतो, तर कमलनं छातीवर हात धरला. "अवो, इथं दाटून आलंय. मंचरला दवाखान्यात न्या की मला."

मी ऐकलं — नीट ऐकलं. मोटारसायकल दारातच उभी. म्हणालो, "पड जरा. झेंडा करून आलोच."

"बरं, जावा," म्हणाली. चिडवलं नाही.

झेंडा झाला. मग भाषणं लांबली. उठता आलं नसतं का? कोण धरून ठेवणार होतं मला? पण सत्कार सगळ्यात शेवटी होता. बसून राहिलो.

परत आलो तर ती बराखीच्या दारात आडवी. हलवली. हाका मारल्या. अंग गार पडत चाललेलं. अजूनही कधी घरात हाक मारतो — मारली जाते, काय करू?

दुसऱ्या दिवशी सकाळी ओढ्याकाठी राख सावडायला गेलो. पोरगा चाकणला कंपनीत असतो, तो आदल्या दिवशीच आलेला. राखेत हात घालून बसला होता. मान वर न करता म्हणाला, "दादा, आई काहीच बोलली नव्हती का?"

"काहीच न्हाई रं," मी म्हणालो. "चांगली हसत व्हती."