मानेचा पट्टा आणि बाजारातली जागा

माझी बायको नेरूळच्या मासळी बाजारात बसायची. जागा माझ्या आईची, आईमागे हिची. असंच चालतं, कागद कुणाकडे नसतो.

एका सकाळी ती उजव्या कुशीवर वळली आणि खोली गरागरा फिरली. मग रोजचंच झालं. कुशीवर वळलं की फिरायचं, वर फळीकडे बघितलं की फिरायचं, जरा वेळानं थांबायचं. आमचा डॉक्टर गावचाच, शेजारच्या गल्लीतला. तिनं त्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं, मानेचा एक्स-रे काढायला लावला आणि बोलला, "मणके झिजलेत. मासळीची पाटी डोक्यावर घ्यायची नाही. ही चक्कर जन्माची."

गळ्यात पट्टा आला. गोळ्यांनी बाई दिवसभर पेंगायची. आपला माणूस, त्याच्यावर कशाला संशय घ्या.

पाटी बंद म्हणजे बाजार बंद. जागा रिकामी ठेवली तर दुसरी कोण तरी बसते, म्हणून माझ्या धाकट्या भावाच्या बायकोला बसवली. ती बोलली, "बाय, बरी झालीस का ये. जागा तुजीच हाय."

अशी वर्षं गेली. मग कुणी तरी कानाचं असेल म्हटलं, म्हणून वाशीला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेली. त्यांनी आधी पट्टा काढला. मान उजवीकडे वळवून हिला झटकन आडवी केली, डोकं टेबलाच्या कडेखाली. हिची बुबुळं थरथरायला लागली. मी उठलो तर म्हणाल्या, "बसा. हेच बघायचं होतं. माने‌चं काही नाही, कानातले बारीक कण जागचे हललेत." मग डोकं हळूहळू दुसऱ्या बाजूला फिरवलं, कुशीवर वळवलं, उठवून बसवलं. झालं.

दुसऱ्या सकाळी ही दोन्ही कुशींवर वळून बघत होती. बोलली, "यवढ्यासाठी मला गळ्यात पट्टा घालून बैलासारकी जुंपलेली?"

पाटी घेऊन बाजारात गेली. जाऊ जागेवरून उठली नाही. "परत चक्कर आली नि गिऱ्हाइकावर पडलीस तं? डाक्टरच बोललाय, जन्माची हाय."

मी डॉक्टरकडे गेलो. म्हटलं, बाजारात येऊन एवढं सांगा की ही बरी आहे. तो बोलला, "बरी झाली ना? मग तक्रार कसली? तुमच्या घरच्या भांडणात मला ओढू नका." त्याच्या घरी पापलेट कुणाकडून जायचं, मला ठाऊक होतं.

मरेपर्यंत ती पाटी घेऊन दारोदार फिरली, बिल्डिंगींचे जिने चढली. चक्कर एकदाही आली नाही. ती गेली तेव्हा डॉक्टर आला, भावाची बायको आली. दोघं रडली. मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही.