दिवस हाय का अजून?

संध्याकाळ झाली की अण्णा त्यांच्या लेथ मशीनपासून दोन पावलं मागं सरायचे, पश्चिमेच्या दाराकडं मान वाकडी करायचे आणि विचारायचे, "दिवस हाय का अजून?" घड्याळ डोक्यावरच टांगलेलं होतं, पण अण्णांचा त्याच्यावर काडीचा विश्वास नव्हता.

आमचा कारखाना बेळगावात. सत्तर सालानंतरची ती वर्षं. अण्णा निपाणीकडचे जैन. आमच्याशी मराठी बोलायचे, कानडी कामगारांशी कानडी आणि लेथ बिघडला की दोन्ही. दिवस मावळल्यावर अन्नाचा कण तोंडात घालायचा नाही, ही त्यांच्या घरची रीत. पाणी तेवढं चालायचं.

पहिल्या पाळीत काही अडत नसे. दुसरी पाळी मात्र तीन ते अकरा, आणि जेवणाची घंटा आठला. त्याआधी डबा उघडायचा नाही, असा नियम होता. म्हणजे अण्णा दुपारी घरून जेवून निघाले की पुढचा घास थेट दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर.

"लेथ मी बघतो अण्णा. कोपऱ्यात जाऊन खावा की," मी म्हणायचो.

"चोरून खाल्लेलं अंगाला लागत न्हाय रं."

आठला त्यांचा डबा उघडायचा, पण आमच्यासाठी. भाकरी आणि शेंगांची चटणी. आम्ही मिटक्या मारायचो, ते समोर बसून पाणी प्यायचे आणि वर विचारायचे, "लई तिखट झालीया का?" असा माणूस तुम्हीही कुठं ना कुठं पाहिला असेल. मला तो पुन्हा दिसला नाही.

शेवटी ते मॅनेजरसाहेबांकडं गेले. "सायेब, माजी सुट्टी तेवढी सहाला द्या. बाकीची आठला जेवू द्यात, मी लेथ चालवतो."

"नियम सगळ्यांना सारखा. एकाला सूट दिली की उद्या सगळे रांग लावतील."

"नेम सारखाच हाय सायेब," अण्णा म्हणाले, "पर उपाशी मी एकटाच ऱ्हातोय."

पुढं पोट दुखायला लागलं. उपाशी राहू नका, असं डॉक्टरांनी बजावलं. मग एका संध्याकाळी अण्णांनी लेथ बंद केला आणि सगळ्यांदेखत डबा उघडला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी त्यांना कामावरून काढलं.

युनियननं प्रकरण लेबर ऑफिसरांपुढं नेलं. आमचे वकील म्हणाले, "नियम सारखा दिसतो, पण मार एकाच्याच पाठीवर बसतो. हाही भेदभावच." सुनावणी संध्याकाळपर्यंत लांबली; साक्षीला म्हणून मी अण्णांच्या शेजारी बसलो होतो. मॅनेजरसाहेबांचं शिस्तीवरचं पुराण काही संपेना. मधेच अण्णांनी खिडकीकडं मान वाकडी केली.

"दिवस हाय का अजून?" त्यांनी मला विचारलं, आणि ऑफिसरांच्या टेबलासमोरच डबा उघडला. वकिलांनी कपाळाला हात लावला. "बोलत ऱ्हावा सायेब," अण्णा म्हणाले, "मी दोन घास खातो."

ऑफिसरांनी टेबलावरचे कागद बाजूला सरकवले. मग म्हणाले, "सावकाश जेवा." आणि मॅनेजरसाहेबांकडं वळून त्यांनी विचारलं, "यांच्या जेवणानं इथलं काम अडलं का?"

साहेब फायली चाळायला लागले. मला तर हसावं की रडावं ते कळेना. अण्णा शांतपणे भाकरी मोडत होते.

निकाल अण्णांच्या बाजूनं लागला. त्यांना परत कामावर घ्यायचं होतं, आणि ज्याला गरज असेल त्याला दिवस मावळायच्या आत जेवायची सुट्टी द्यायची होती. बातमी घेऊन मी धावत त्यांच्या गावी गेलो. अण्णा अंथरुणाला खिळले होते. पोटाचं दुखणं फार पुढं गेलं होतं. "जिंकलासा अण्णा!" मी म्हटलं. ते हसले आणि सुनेला म्हणाले, "ह्येला आदी जेवाय वाढ, दिवस बुडायलाय." त्याच दुखण्यात ते गेले.

माझ्या घरी तशी रीत नाही. तरी पुढं नोकरी संपेपर्यंत दुसऱ्या पाळीत मी सहाची सुट्टी घेत राहिलो. पश्चिमेच्या दारात बसायचो. दिवस आहे का, असं विचारायला कुणी नसायचं. लेथच्या आवाजात माझं मीच म्हणायचो, "हाय की अण्णा. या, बसा जेवायला."