कोपऱ्यातलं भोक

गिरणीतली नोकरी सुटल्यावर मुलुंडच्या दशरथ घाडींनी मँडोलिन बनवायला घेतलं. वरची फळी रंध्याने पातळ करावी की मशीननं, यावर त्यांनी वर्षभर चाळीला व्याख्यानं दिली. फळी जाडच्या जाड राहिली.

"अहो, काचेच्या तुकड्यानं खरवडा ना," बायको मथुरा म्हणाली.

"मी काय खोबरं खवतोय?" म्हणत त्यांनी विजेवरचं घासायचं मशीन आणलं. रंधा कसा मागासलेला, हे शेजाऱ्यांना समजावता समजावता फळीच्या कोपऱ्याला आरपार भोक पडलं.

घाडींनी भोकावरचा भुसा फुंकला. "मँडोलिनला भोक लागतंच."

"ते मधोमध असतं ना?"

"जुन्या पद्धतीत."

गणपतीत त्यांनी तेच वाजवलं. आवाज पत्र्याच्या डब्यासारखा आला. तरी चाळीतल्या दोघांनी तसंच, कोपऱ्यात भोक असलेलं, त्यांच्याकडून बनवून मागितलं.